चौदा पेट्या

पत्र फेब्रुवारीत आलं. धरणाची पातळी यंदा आणखी वाढवायची होती आणि वैनगंगेचं मागे चढणारं पाणी आमच्या जुन्या कबरस्तानापर्यंत पोचणार होतं. पावसाळ्याआधी कबरी हलवून घ्या, नवी जागा मंजूर झालेली आहे, असं त्यात लिहिलं होतं. तलाठी स्वतः पत्र घेऊन आले. त्यांनी पोच म्हणून माझी सही घेतली, पाणी प्यायले आणि निघताना म्हणाले, "काही अडचण आली तर फोन करा, फादर." मी बरं म्हणालो. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. डाळ खाली लागली होती. तशीच खाल्ली. करपल्याची चव आली नाही, एवढं आठवतं.

पवनीकडे येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी संन्यस्त धर्मगुरू. आमचा संघ आहे, त्यात आम्ही एकमेकांना भाऊ म्हणतो. तपकिरी झगा, कमरेला पांढरा दोर, आणि दोराला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. वरिष्ठ जिथे पाठवतील तिथे जायचं आणि सांगतील तेव्हा निघायचं. इथल्या घरात आम्ही दोघंच. दुसरा भाऊ सानगडीकडच्या गावांतून फिरतो, आठवड्यातले चार दिवस घरी नसतो. आमची माणसंही थोडी. आमच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स, दोन-तीन शिक्षक, छत्तीसगडकडून येऊन इथे राहिलेली काही घरं. रविवारच्या मिस्साला तीसेक जण आले की चर्च भरलं म्हणायचं. बाकी सगळी धानाची शेती करणारी हिंदू गावं. त्यांच्या लग्नांना, तेराव्यांना मला बोलावणं असतं आणि मी जातो.

त्याआधी डिसेंबरात माझी आई गेली. आमचं गाव प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यात. बहिणीचा फोन आला तेव्हा मी नाताळची गायनाची तालीम घेत होतो. तालीम पूर्ण केली. नागपूरला जाऊन रेल्वे धरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. दफनाची मिस्सा मीच अर्पण केली. प्रवचन केलं, कबरीत पहिली मूठ माती मी टाकली, आलेल्या प्रत्येकाला चहा मिळाला की नाही ते पाहिलं. संध्याकाळी बहीण ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"तू रडला नाहीस," ती म्हणाली.

"मिस्सा करायची होती ना."

"आता तर झाली मिस्सा."

मी चहाचे कप गोळा करायला लागलो. तीही मग उठून आत गेली. चौथ्या दिवशी मी परत आलो, कारण नाताळ तोंडावर होता.

मला वाटलं होतं, परत आल्यावर एखाद्या दिवशी येईल रडू. एकटा असताना येईल, प्रार्थनेत येईल. तसं काही झालं नाही. पहाटे उठायचो, प्रातःप्रार्थना म्हणायचो, मिस्सा करायचो, आजाऱ्यांना भेटायचो. सगळं वेळेवर. दात काढताना सुई देतात आणि मग गाल आपला असून आपला नसतो, तसं अंगभर झालं होतं. त्याचा त्रासही होत नव्हता. वरिष्ठांचा फोन आला की मी ठीक आहे म्हणून सांगायचो आणि ते खोटं आहे असंही वाटायचं नाही. एकदा मिस्सा संपल्यावर एक नर्स थांबली. भीतभीत म्हणाली, "फादर, मागच्या वर्षी या रविवारी हेच प्रवचन होतं. उदाहरणसुद्धा तेच." मी वही काढून पाहिली. खरंच होतं. मी तिला म्हणालो, तुम्ही लक्ष देऊन ऐकता, आभारी आहे. तिला ते उत्तर आवडलं नसावं.

तर कबरी. दफनाच्या जुन्या वहीत चौदा नावं होती. सगळ्यांच्या नातेवाइकांची लेखी संमती हवी होती, ती मिळवण्यात मार्च गेला. कुणी रायपूरला, कुणी नागपूरला, एक जण थेट केरळात. एका माणसाच्या वडिलांची कबर होती. तो फोनवर म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त फोटो पाठवा." तीन कबरींचं कुणीच उरलं नव्हतं. त्यांच्यासाठी बिशपांच्या कार्यालयातून पत्र आणलं.

पेट्या मी पवनीतल्या एका सुताराकडून करून घेतल्या. मांडीचं हाड मावेल एवढी लांबी हवी, म्हणून अडीच फूट सांगितली. त्यानं कागदावर आकडा लिहिला आणि विचारलं, "कायच्या पेट्या होत जी? पुस्तकाच्या?"

"हाडांच्या," मी म्हणालो आणि काय काम आहे ते सांगितलं.

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. पंधरा दिवसांनी मी पेट्या आणायला गेलो तेव्हा त्या दुकानाबाहेर एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी एक उघडून आत हात फिरवला. आतून पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली होती. बाहेरून रंधा मारला होता तेवढाच, आतून मात्र घासलेली.

"आतून कशाला घासलं?" मी विचारलं.

"कुसळं निघते ना जी लाकडाचे," तो म्हणाला. "आतमंदी कोनाले लागू नये."

हे ऐकून माणसाला काहीतरी वाटायला हवं, हे मला तिथे उभं असतानाच कळत होतं. मी त्याला म्हणालो, छान काम केलंत. पेट्या टेम्पोत चढवल्या आणि दोरी नीट बांधली आहे ना ते दोनदा पाहिलं.

खोदायला कोण येणार हा प्रश्न होता. तो काकाजींनी सोडवला. काकाजी म्हणजे साठीच्या पुढचे एक शेतकरी. त्यांची जमीन आमच्या कबरस्तानाला लागूनच होती. ती आणि त्यांचं सगळं गाव काही वर्षांपूर्वी धरणात गेलं. आता ते नव्या वसाहतीत राहतात, तीन किलोमीटर वर, आणि दुसऱ्याची शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करतात. आमच्या दवाखान्यात त्यांची पत्नी उपचारासाठी येते, तेवढी ओळख. ते आपणहून घरी आले आणि दारातल्या बाकावर बसून म्हणाले,

"फादर, मी आयकलो का तुमी मानसं हालवून राहिले."

"हो काकाजी. मेमध्ये."

"मंग मले सांगाचं ना. आमी गाव हालवलं. आमाले ठावं हाये कसं करतेत ते."

मी विचारलं, कसं करतात?

"आमची मातामाय होती वडाखाली. नुसता शेंदराचा दगड. तो उचलाचा होता तवा सगळा गाव आला. दगडच होता जी, जड बी नव्हता. पन उचलेपर्यंत कोनी बोललं नाही. लेकरं बी नाही." ते बाकावरून उठले. "बोलाचं नाही, आन घाई कराची नाही. बस, इतकंच होय."

मेच्या पहिल्या आठवड्यात काम धरलं. इकडे त्या दिवसांत सकाळी नऊनंतर बाहेर उभं राहवत नाही, म्हणून उजाडताच सुरू करायचं आणि ऊन चढलं की थांबायचं, असे तीन दिवस ठरवले. काकाजी आपल्या गावचे तिघं घेऊन आले. तलाठी होते, एक पोलीस शिपाई होता, आरोग्य खात्याचा एक माणूस फवारणीची बाटली घेऊन आला होता. मी झगा घातला होता, गळ्यात जांभळा पट्टा. प्रत्येक कबरीपाशी आधी मी प्रार्थना म्हणायचो, मग ते कुदळ लावायचे.

नदीकाठची ती काळी माती. इकडे तिला कन्हार म्हणतात. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि फुटली की ढेपळंच्या ढेपळं निघतात. चार फुटांवर ओल लागायची. मग काकाजी कुदळ बाजूला ठेवायला सांगायचे आणि स्वतः खाली उतरून हातानं माती काढायचे. हाडं त्या मातीच्या रंगाचीच झाली होती. ते एकेक वर द्यायचे, मी पांढऱ्या कापडावर ठेवायचो. डोकं, हात, बरगड्या, पाय. जबड्यात दात असायचे. एका बाईच्या हाताच्या हाडाशी हिरव्या काचेच्या तीन बांगड्या निघाल्या, अख्ख्या. मी त्या पेटीत तशाच ठेवल्या. कापड दुमडलं, झाकण लावलं, वर खडूनं क्रमांक घातला. पहिल्या दिवशी सहा कबरी झाल्या.

त्यातली तिसरी आमच्याच एका भावाची होती. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनीच इथलं घर उभं केलं आणि बऱ्याच वर्षांनी इथेच वारले. मी त्यांना पाहिलेलं नाही. काकाजींनी पाहिलं होतं.

"सायकलीनं ये जी," खड्ड्यात बसून माती काढता काढता ते सांगत होते. "मांगं दवाईची पेटी. पोरीले ताप होता माह्या, तवा पुरातून आले. सायकल खांद्यावर घेऊन." मग त्यांनी हात वर केला. हातात दोर होता.

झगा गेला होता, लाकूड गेलं होतं, चामड्याच्या चपलांचे नुसते तळ उरले होते. दोर मात्र नायलॉनचा असावा. मातीनं काळा पडला होता, पण तुटला नव्हता. तिन्ही गाठी तशाच होत्या.

काकाजींनी माझ्या कमरेकडे पाहिलं. "हा तुमचाच नाही का जी?"

"हो. आमचाच."

शिपाई मोबाइल बघत होता, त्यानंही मान वर केली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी दोर झटकला, गुंडाळला आणि पेटीत ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की चौथी कबर उन्हाआधी झाली तर बरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर फाटकाशी एक म्हातारी बाई बसलेली. डोक्यावर पदर, जवळ कापडी पिशवी. मला वाटलं, कुणाची तरी नातेवाईक असेल. ती काकाजींशी बोलायला लागली. मग काकाजी मला बाजूला घेऊन गेले.

ती त्यांच्याच गावची. गाव उठल्यावर ती मुलीकडे सिहोऱ्याला राहायला गेली होती. कबरी हलवत आहेत ही बातमी तिला कुणाकडून तरी कळली आणि ती आदल्या दिवशी दोन बस बदलून आली. आदली रात्र तिनं काकाजींच्या घरी काढली, पण कशासाठी आली ते सकाळपर्यंत तिनं सांगितलं नव्हतं.

"तिचं लेकरू हाये म्हंते अठी," काकाजी म्हणाले.

मी तिच्यापाशी जाऊन खाली बसलो. "मावशी, नाव काय बाळाचं? वहीत पाहतो."

"नाव कुठलं जी. दोन दिवसाचा होता."

तिनं हळूहळू सांगितलं. इकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, 'मी आलो, मी गेलो', तसंच ती बोलत होती. लग्नानंतरचं पहिलं बाळंतपण. धानाच्या रोवणीचे दिवस होते, घरातली सगळी माणसं चिखलात. कळा सुरू झाल्या तेव्हा तिला बैलबंडीत घालून आमच्या दवाखान्यात आणलं. मुलगा झाला आणि दोन दिवसांनी गेला. बाहेर पाऊस कोसळत होता, नाल्याला पूर होता, घरून कुणी येऊ शकत नव्हतं. तेव्हा सायकलवाल्या फादरनी विचारलं, मी ठेवू का याला आमच्या जागेत? ती हो म्हणाली. ते बाळाला घेऊन गेले. ती खाटेवर होती.

"कुठं ठेवलं ते मले सिस्टरनं सांगतलं. भिंतीच्या कोपऱ्यात, पळसाखाली. मंग मी रोज याच रस्त्यानं वावरात जाओ. पन आतमंदी कधी नाही गेलो."

"का?"

"सासू म्हने, गेलं ते गेलं, त्याचं नाव काढाचं नाही. मंग पोरगी झाली, काम वाढलं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "आता तुमी सगळ्यायले घेऊन जाऊन राहिले. तो एकटा रायते ना पान्यात."

मी तलाठ्यांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, पण त्यांच्या हातात चौदाची यादी होती आणि परवानगी तेवढ्याचीच होती. त्यांनी यादीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. "वहीत नोंद नाही म्हणजे कबर नाही, फादर," ते म्हणाले. "आणि कबर नसेल तर तिथे कुणी माती खोदली तर मला त्याचं काय करायचं?" एवढं बोलून ते शिपायाला घेऊन चहा प्यायला गेले.

पळस केव्हाच वाळून गेला होता, बुंधा होता. काकाजींनी तिथे एकट्यानंच खोदायला घेतलं. मी प्रार्थना म्हटली. म्हातारी चार पावलांवर बसून होती. दोन फुटांवर काही नाही, अडीच फुटांवर काही नाही. एवढ्या लहान जिवाचं चाळीस वर्षांनी काय राहणार, हे मला माहीत होतं. तिला ते कसं सांगायचं, ते शब्द मी मनात जुळवत होतो. असे शब्द मला चांगले येतात, माझं कामच ते. तेवढ्यात काकाजींच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी माती चोळून बाजूला केली आणि मला दाखवलं. गंजलेले खिळे. लहान लहान, सहा की सात. एका छोट्या चौकोनाच्या कडांनी पडलेले.

"काय निघालं जी?" तिनं विचारलं.

"खिळे आहेत, मावशी," मी म्हणालो. "बाकी माती झाली."

"खिळे कायचे?"

"पेटीचे. लाकूड कुजून गेलं, खिळे राहिले."

ती उठून उभी राहिली. "पेटी होती?"

"हो. पेटी केली असणार त्यांनी. दवाखान्याच्या खोक्याची असेल."

"पेटीत ठेवलं होतं त्याले?"

"हो."

तिनं काकाजींकडे पाहिलं, जणू त्यांनीही सांगायला हवं होतं. काकाजी म्हणाले, "होय ना बाई. हे पाह्य, चारी कोपऱ्याले हायेत."

"मले वाटे उघड्या मातीत टाकलं," ती म्हणाली. "इतका पाऊस होता. मले वाटे, चिखलातच टाकलं असंन." मग ती पुन्हा खाली बसली आणि जमिनीकडे बघत तेच म्हणत राहिली, "पेटीत होता. पेटीत ठेवलं होतं." ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही, पदर पुढे आला होता. काकाजी खड्ड्यात तसेच उभे होते.

सुतारानं चौदाच पेट्या केल्या होत्या. मी तिला विचारलं, ज्या फादरनी त्याला इथे ठेवलं त्यांची पेटी आहे, त्यांच्याजवळ ठेवू का? ती म्हणाली, "ठेवा. त्यायनंच नेलं होतं." मी ते खिळे आणि दोन ओंजळी माती रुमालात बांधली, तीन नंबरची पेटी उघडली आणि दोराशेजारी ठेवली. कागदावर चौदाच राहिले. तलाठी परत आले तोवर खड्डा बुजवून झाला होता. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी उरलेल्या कबरी संपवल्या आणि पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवल्या. नवी जागा वसाहतीच्या पलीकडे होती, चढावर. मी ट्रॉलीतच बसलो, पेट्या हलू नयेत म्हणून. काकाजी समोर. ट्रॅक्टर काकाजींचा पुतण्या चालवत होता, तिशीचा, दोन मुलांचा बाप. त्यानं किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टरला बांधलेला स्पीकर सुरू झाला. झाडीपट्टीच्या नाटकातलं कुठलं तरी गाणं, ढोलकी, बाईचा उंच आवाज. सवयीनं लागलं होतं, त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं.

मी उभा राहिलो आणि ओरडलो. बंद कर म्हणालो. लाज वाटत नाही का म्हणालो. आणखीही काय काय बोललो, माझ्या गावाकडची, उसाच्या फडातली भाषा आली तोंडात. संघात आल्यापासून मी ती वापरली नव्हती. त्यानं घाबरून ट्रॅक्टरच बंद केला. रस्त्यानं धानाचा पेंढा नेणारी माणसं थांबून बघायला लागली.

"चुकलं जी," पुतण्या खाली उतरून म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं. चल."

गाणं बंद करून ट्रॅक्टर निघाला. काकाजी एका पेटीवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "बरं झालं रागावले. आमाले वाटे, फादरले काई होतच नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे म्हणाले, "माही घरवाली म्हंते, फादर भेटाले येतेत, इचारतेत, सारं करतेत. पन डोळ्यात कोनी रायत नाही त्यायच्या."

"कधीपासून म्हणते?"

"नाताळापासून म्हना."

मी सांगितलं की डिसेंबरात आई गेली. इतके दिवस इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाला जाऊन आलो एवढंच लोकांना माहीत होतं. काकाजी "अरे बापा" म्हणाले. मला वाटलं, आता सांगून झालं, आता काहीतरी सुटेल. सुटलं नाही.

नव्या जागी मुरूम होता. खड्डे आधीच खोदून ठेवले होते. बारा-पंधरा माणसं आली होती. पेट्या एकेक करून खाली सोडल्या, मी पवित्र पाणी शिंपडलं आणि प्रत्येकाचं नाव घेतलं. तीन नंबरला त्या भावाचं नाव घेतलं आणि थोडं थांबलो, कारण दुसरं नाव नव्हतं. म्हातारी मागे उभी होती. मग पुढची पेटी. प्रार्थनांचे शब्द बरोबर आले, कुठे अडलो नाही. काकाजींच्या घरी सगळ्यांचं जेवण होतं, भात आणि वांग्याची भाजी. मी जेवलो. दुपारच्या बसनं म्हातारी सिहोऱ्याला गेली.

पावसाळ्यात पाणी आलं. ऑगस्टमध्ये एकदा मी तिकडे जाऊन पाहिलं. भिंत दिसत नव्हती, फाटक दिसत नव्हतं. ढीवरांनी जाळी लावली होती. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. त्या महिन्यात मी वरिष्ठांना फोन करून सांगितलं की मी ठीक नाही. काय होतं असं त्यांनी विचारलं, तर मला नीट सांगता येईना. काहीच होत नाही, हेच होतं, असं म्हणालो. त्यांनी घाई केली नाही. महिन्यातून एकदा नागपूरला एका वृद्ध भावाकडे जाऊन बसत जा, एवढं त्यांनी सांगितलं. मी जातो. तो भाऊ फारसं बोलत नाही. आम्ही चहा पितो, तो बागेतल्या कुंड्या हलवतो, मी मदत करतो.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्यात सगळ्या मृतांसाठी प्रार्थना असते. त्या दिवशी नव्या कबरस्तानात पंचवीसेक माणसं होती. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, नर्सबाया पुन्हा पुन्हा पेटवत होत्या. म्हातारी आली होती, या वेळी मुलीला घेऊन. मुलगी चाळिशीला टेकलेली. तिला बहुतेक काही सांगितलेलं नव्हतं, कारण तिसऱ्या कबरीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "कोनाची होय आई हे?"

"फादरची," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "आन तुह्या भावाची."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिथेच मुरमावर बसली. आईनं पिशवीतून लाह्या काढून कबरीवर ठेवल्या आणि तिच्याशेजारी बसून हळू आवाजात सांगायला लागली. मी पाणी शिंपडत पुढे गेलो.

प्रार्थना संपली तेव्हा पूर्वेकडे आभाळ भरून आलं होतं. काकाजींचं धान कापून शेतात, बांधीत पसरलेलं होतं, वाळायला. भिजलं असतं तर गेलं असतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि शेताच्या धुऱ्यावरून निघाले. पुतण्या धावला. मग आम्ही सगळेच गेलो, नर्सबायासुद्धा. मी झगा वर खोचला आणि भारे उचलायला लागलो. गावाकडे उसाच्या मोळ्या उचललेल्या, त्यामुळे भारा डोक्यावर कसा घ्यायचा ते अंगाला माहीत होतं. म्हातारीची मुलगीही आली होती, दोन्ही हातांनी पेंढ्या गोळा करत होती. अंधार पडायच्या आत सगळं एका जागी रचून वर ताडपत्री घातली. पाऊस काही त्या दिवशी आला नाही. काकाजींच्या पत्नीनं सगळ्यांना पाणी दिलं. मला देताना तिनं माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि मग पुढच्याला पाणी दिलं.